वळणावरच्या डहाळ्या

मागून गाडीचा भोंगा वाजला की सायकलवाल्यानं डांबर सोडायचं आणि मातीत उतरायचं, हा आमच्या रस्त्याचा कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही. पण डेड्झापासून लिलाँग्वेपर्यंत कुणालाही विचारा, पोर सायकलवर टांग टाकायला शिकतं तेव्हा ब्रेक लावायच्या आधी हे शिकतं. त्या गुरुवारी सकाळी बिस्वेकनं हा कायदा अगदी तंतोतंत पाळला, आणि तरी तो मेला. केफासीचं डोकं सुन्न झालं ते यानंच.

दोघंही कबाझावाले. सायकलच्या कॅरियरवर गादी बांधायची, गिऱ्हाईक बसवायचं आणि बाजार, दवाखाना, चर्च, म्हणतील तिथे नेऊन सोडायचं, हा त्यांचा धंदा. दिवसभर अड्ड्यावर एकमेकांचं गिऱ्हाईक पळवायचे आणि संध्याकाळी एकाच भांड्यातून मक्याची दारू प्यायचे. त्या सकाळी बिस्वेक पुढे होता, रिकामाच. मागे वीस पावलांवर केफासी, आणि त्याच्यामागे त्याची मुलगी तामांदा, शाळेला निघालेली. निलगिरीच्या वळणाशी मागून मिनीबस आली, भोंगा वाजला आणि तिघांनीही डांबर सोडलं. पण वळणावर डांबराची कड पावसानं खाऊन टाकलेली, वीतभर खोल. बिस्वेकचं पुढचं चाक तिच्यावरून घसरलं, सायकल आडवी झाली आणि तो मातीत पडायचा तो उलटा डांबरावर पडला. मिनीबसचं मागचं चाक त्याच्यावरून गेलं. गाडी थांबली नाही. खिडकीतून एका बाईनं डोकं काढून मागे पाहिलं, तेवढंच.

केफासीनं सायकल टाकली आणि आधी तामांदाकडे धावला. तिनं बघू नये म्हणून दोन्ही हात पसरून उभा राहिला. सोळा वर्षांच्या पोरीपुढे हात पसरून काय झाकतंय? तिनं सगळं पाहिलं होतं.

"बाबा, ते तर खाली उतरले होते ना?" ती म्हणाली.

पोलीस आले, त्यांनी वहीत लिहून घेतलं की मयताच्या सायकलला मागे लाल काच नव्हती. सकाळी सात वाजता, लख्ख उन्हात, म्हणे लाल काच नव्हती! आता अशा माणसांपुढे काय बोलायचं.

दुसरा धक्का बसला तो शुक्रवारी. हॉस्पिटलातून बिस्वेकला आणलं ते एका उघड्या ट्रकमधून. ट्रकच्या पुढे हिरवी डहाळी बांधलेली, दिवसाढवळ्या दिवे लावलेले. मयताची गाडी म्हटल्यावर समोरून येणारं एकेक वाहन रस्त्याकडेला घेऊन थांबत गेलं. सायकलवाले उतरले, पुरुषांनी टोप्या काढल्या. मग वळणाच्या दोन्ही अंगांना रस्त्यावर डहाळ्या टाकल्या गेल्या, की इथे मयत झालंय, सावकाश जा. केफासी इतर पुरुषांबरोबर वळणालगतच्या स्मशानाच्या राईत जमिनीवर बसला होता आणि मयताकडे पाहायचं सोडून रस्त्याकडे पाहत होता. ज्या पांढऱ्या जीपगाड्या रोज वाऱ्यासारख्या जायच्या त्या बैलगाडीच्या चालीनं चालल्या होत्या. मिनीबसवाले रेडिओ बंद करत होते. एक ड्रायव्हर तर स्टिअरिंगवरचा हात काढून छातीवर ठेवून गेला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हे. बिस्वेक अकरा वर्षं त्या रस्त्यावर सायकल मारत होता आणि त्या अकरा वर्षांत त्याच्यासाठी एकही गाडी कधी हळू झाली नव्हती.

केफासीच्या मनात ही गोष्ट जी रुतली ती निघेना.

घरी वेगळाच विषय निघाला होता. तामांदा त्यांच्या घरातली हायस्कुलात गेलेली पहिली पोर. शाळा सात किलोमीटर, सगळा रस्ता त्याच डांबरावरून. बिस्वेकला पुरून आल्यावर एस्नाती, म्हणजे केफासीची बायको, चुलीपाशी बसून म्हणाली की पुरे झाली ती शाळा, मला माझी पोर जिवंत पाहिजे. तिचे मामा गावचे मुखिया. तेही म्हणाले की खरंय, पोर आपल्या कुळाची आहे, तिचं काही बरंवाईट झालं तर मी वर काय तोंड दाखवू. केफासी पडला जावई. आमच्याकडे जावई बायकोच्या गावी राहतो, घर बांधतो, शेत नांगरतो, पण चार माणसांत त्याचं तोंड बारीकच असतं. एरवी तो गप्प बसला असता. पण तामांदा दारात उभी होती आणि तिनं वह्यांची पिशवी छातीशी धरली होती.

"मामा, तिला काही होणार नाही," केफासी म्हणाला. "जबाबदारी माझी. शब्द देतो."

मामांनी त्याला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "सगळ्यांसमोर दिलास. लक्षात ठेव."

शब्द तर देऊन बसला, आता पाळायचा कसा? रस्ता त्याच्या बापाचा नव्हता. कड बुजवा म्हणून मामांनी रस्तेखात्याला दोनदा अर्ज केले होते, त्यांचं उत्तर अजून यायचंय. गाड्यांना हात दाखवावा तर त्या भोंगा मारतात. तीन दिवसांचा दुखवटा संपला आणि वळणावरच्या सुकलेल्या डहाळ्या उचलायचं काम नेमकं केफासीवर आलं. त्यानं त्या उचलल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे कोयता घेऊन परत गेला, निलगिरीच्या ताज्या डहाळ्या तोडल्या आणि वळणाच्या दोन्ही अंगांना रस्त्यावर टाकल्या.

असं कुणी करतं का हो? मयत नसताना मयताची खूण मांडायची! आमच्याकडे लहान पोरंसुद्धा खेळात असलं करत नाहीत. पण पहिली मिनीबस आली, डहाळ्या पाहिल्या आणि हळू झाली. दुसरी हळू झाली. लाकडं भरलेला ट्रक हळू झाला. बाजाराला निघालेले सायकलवाले निवांत वळण घेऊन गेले. मग तामांदा आली. डहाळ्या दिसताच ती उतरली, पिशवीतलं चितेंजे, म्हणजे बायका नेसतात ते रंगीत कापड, काढून गणवेशावर कमरेला गुंडाळलं आणि मान खाली घालून सायकल हातानं ढकलत चालू लागली. मयताजवळून बाईमाणसानं असंच जायचं असतं, पणजीनं शिकवलेलं. केफासी झाडामागून पाहत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लाजेचं की आनंदाचं हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

संध्याकाळी तिनं विचारलं, कोण गेलं? तो म्हणाला, पलीकडच्या गावातलं कुणीतरी. मग म्हणाला, "हे बघ, डहाळ्या असतील तिथे मातीत उतरत जाऊ नकोस. ती कड वाईट आहे. डांबरावरूनच चाल. डहाळ्या असल्या की गाड्या हळू असतात."

"बरं," तामांदा म्हणाली. ती शहाणी पोर. बापानं सांगितलं की ऐकायची.

मग ते रोजचंच झालं. पहाटे टाकायच्या, आठ वाजता उचलायच्या. दुपारी शाळा सुटायच्या आधी पुन्हा टाकायच्या. तामांदानं विचारलं की तो पलीकडच्याच कुणाचं तरी नाव सांगायचा, आणि तिला ते खरं वाटायचं. वळण गावातून दिसत नाही, मोरीच्या पलीकडे आहे, म्हणून गावाला वाटे पलीकडच्यांचं मयत आणि पलीकडच्यांना वाटे आपलं. अड्ड्यावरच्या कबाझावाल्यांना दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. पण कुणी अवाक्षर काढलं नाही. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो.

एका सकाळी एक निळी छोटी गाडी डहाळ्यांपाशी थांबलीच. टाय लावलेला, जाड चष्म्याचा माणूस उतरला आणि झाडाखालच्या केफासीकडे आला. सिमवाका त्याचं नाव, उत्तरेकडचा, लिलाँग्वेत कसल्याशा ऑफिसात होता आणि रोज डेड्झाहून जायचा-यायचा. त्यानं टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, कोण गेलं भाऊ? केफासीच्या तोंडातून निघालं काय, तर "माझी सासू." सासू आठ वर्षांपूर्वीच गेली होती बिचारी. सिमवाकानं गाडीतून साखरेची पिशवी काढून आणली, घरी न्यायला घेतली होती ती, आणि दुखवट्याच्या चहाला म्हणून केफासीच्या हातात ठेवली. केफासी ती घरी घेऊन गेला. एस्नातीनं विचारलं तर म्हणाला, एका गिऱ्हाइकानं दिली. त्या साखरेचा चहा त्यानं तसाच ठेवून दिला.

दोन आठवड्यांनी सिमवाका पुन्हा थांबला. या वेळी उतरला नाही, काच खाली केली.

"आज कोण?"

"चुलतसासू," केफासी म्हणाला.

"आणि परवा?"

"परवा... तिची बहीण."

सिमवाकानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या सासरी जिवंत माणसं किती उरलीत रे?" तो म्हणाला, "का सगळ्यांना संपवूनच थांबणार आहेस?" त्यानं काच वर केली आणि गाडी डहाळ्यांवरूनच काढली. डहाळ्या चाकाखाली मोडल्याचा आवाज केफासीनं ऐकला.

मिनीबसवाल्यांना तर त्याआधीच वास लागला होता. ड्रायव्हर थांब्यावर भेटतात, बोलतात. निलगिरीच्या वळणावर रोज कुणीतरी मरतं म्हणे, पटकी आली की काय, अशा थट्टा चालल्या होत्या. चौथ्या आठवड्यात निम्म्या गाड्या हळू होत होत्या, पाचव्यात चार-दोन. केफासीनं काय करावं? थांबावं की नाही? तर त्यानं डहाळ्या दुप्पट केल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि मग नाबांदा आजीनं त्याला पकडलं. ही एस्नातीची आजी, तामांदाची पणजी, ऐंशीच्या पुढची, पण पायानं पक्की. खोकल्यासाठी निलगिरीचा पाला आणायला सकाळी वळणावर गेली तर जावई रस्त्यावर डहाळ्या मांडतोय. काठीवर रेलून त्याचं काम संपेपर्यंत उभी राहिली.

"कोण मेलंय, जावईबापू?" तिनं विचारलं.

केफासीनं तिला सगळं सांगितलं. बिस्वेकचं, कडेचं, शब्द दिल्याचं.

"पोरीसाठी करतोयस हे कळतं मला," ती शेवटी म्हणाली. "पण मरणाला खोटं आवतण धाडू नये रे बाबा. ते एकदा आलं की जेवल्याशिवाय जात नाही."

ती मामांना सांगणार नाही म्हणाली, पण आजच बंद कर म्हणाली. केफासी म्हणाला, तिची परीक्षा चाललीय, एवढा आठवडा जाऊ दे. आजी मान हलवत पाला घेऊन निघून गेली.

तीन दिवसांनी, बुधवारी सकाळी नाबांदा आजी उठलीच नाही. रात्री भुईमुगाच्या शेंगा फोडल्या, मक्याच्या पिठाचा न्सिमा खाल्ला, झोपली ती झोपलीच. ऐंशी वर्षांची म्हातारी झोपेत जाते यात नवल ते काय, सगळे म्हणाले की सोन्यासारखं मरण आलं. एकट्या केफासीच्या तोंडचं पाणी पळालं. तो दारात उभा होता आणि त्याला आत पाऊल टाकवेना. आवतण त्यानं धाडलं होतं, असंच त्याला वाटत होतं. तामांदा तोवर परीक्षेला निघून गेली होती. मामा म्हणाले की तिला बोलावू नका, पेपर देऊन दुपारी येईल, मातीला पोचेल.

मामांनी खड्डा खणणारी माणसं स्मशानाच्या राईकडे धाडली. ती राई रस्त्यापलीकडे, वळणाला लागून. जाताना त्यांनी रीतीप्रमाणे डहाळ्या तोडल्या आणि रस्त्यावर टाकल्या. त्याच वळणावर, त्याच निलगिरीच्या, त्याच जागी.

केफासीनं ते पाहिलं. आता या डहाळ्यांना कोण थांबणार? आणि दुपारी सगळं गाव आजीला घेऊन हाच रस्ता ओलांडणार. मामांना सांगायला हवं होतं. तो त्यांच्याजवळ दोनदा गेला, दोनदा तोंड उघडलं. पण अंगणात शंभर माणूस बसलेलं, आतून बायकांची गाणी, आणि मामा स्वतःच्या आईच्या मयताला आलेल्यांना हात देत होते. आता कसं सांगू, या विचारानं तो मागे फिरला. तो एकटाच वळणावर गेला आणि स्वतः रस्त्यात उभा राहून हातवारे करू लागला. माणूस दिसल्यावर गाड्या नाइलाजानं का होईना, हळू होत होत्या. काही ड्रायव्हर शिव्या देत होते. केफासी दोन तास उन्हात उभा राहिला. त्यानं ठरवलं होतं की तामांदा येईपर्यंत आणि आजी मातीआड होईपर्यंत जागचं हलायचं नाही.

पण आजीच्या मयताला लाकडं फोडणं हे जावयाचं काम. शंभर माणसांचा न्सिमा शिजायचा तर लाकूड नको? मामांनी माणूस धाडला, केफासी गेला नाही. दुसरा धाडला, गेला नाही. मग मामा स्वतः आले.

"रस्त्यात उभं राहून काय नाच चालवलायस? तिकडे चुली थंड पडल्यात. लोक मला विचारतायत, तुमचा जावई कुठाय."

"मामा, गाड्या..."

"डहाळ्या टाकल्यात ना? डहाळ्या कशासाठी असतात?"

सांगायचं होतं तर तेव्हा. एक वाक्य पुरलं असतं. मामा रागावले असते, मारलंही असतं कदाचित, पण चार माणसं वळणावर उभी करून मगच गेले असते. केफासी म्हणाला, "चला." आणि मामांच्या मागोमाग गावाकडे गेला. असं त्यानं का केलं हे त्याला पुढे कितीदा विचारलं, त्याला कधीच सांगता आलं नाही.

त्यानं आठ-दहा ओंडके फोडले असतील, तेवढ्यात रस्त्याकडून टायर घासल्याचा आवाज आला. त्यात भोंगा नव्हता. नुसताच तो घासल्याचा लांबलचक आवाज, आणि मग धाडकन पत्रा वाजला. केफासी कुऱ्हाडीसकट धावला. धावताना तो मोठमोठ्यानं म्हणत होता की ती नाही, तिचा पेपर अजून चालू असेल, ती नाही. लोकांनी ते ऐकलं, पण कुणाला अर्थ लागला नाही.

तामांदा डांबरावर पडली होती. तिची सायकल पार पलीकडे, वाकून गेलेली. गणवेशावर चितेंजे गुंडाळलेलं होतं. डहाळ्या पाहून ती उतरली होती, चितेंजे नेसली होती आणि बापानं सांगितलं तशी मातीत न उतरता डांबरावरून, मान खाली घालून, सायकल ढकलत चालली होती. पणजीच्याच मयताला चालली होती पोर, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. त्या रस्त्यावर डहाळ्यांवर विश्वास ठेवणारी ती एकटीच उरली होती.

ती जिवंत होती. श्वास घरघरत होता, डोळे अर्धे उघडे. केफासी तिच्याजवळ गुडघ्यावर बसला आणि त्याला हात कुठे लावावा हे कळेना. मागे गलका उठला म्हणून त्यानं पाहिलं. त्या दिवशी लवकर घरी निघालेली निळी छोटी गाडी रस्त्याकडेच्या चराच्या तोंडाशी तिरकी उभी होती, काच तडकलेली, पुढचा एक दिवा फुटलेला. बिस्वेकचा मारेकरी पळून गेला होता, हा मात्र थांबला होता. लोकांनी सिमवाकाला टाय धरून बाहेर ओढलं होतं. चष्मा कुठे पडला होता, कपाळावरून रक्त येत होतं. कुणाच्या हातात दगड, कुणाच्या हातात फावडं. गाडी पेटवा, कुणीतरी म्हणालं. मयताच्या डहाळ्या तुडवून आलाय हा.

सिमवाका एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. "इथे रोज असतात हो डहाळ्या. रोज असतात. मला वाटलं, आजपण..."

लोकांना वाटलं, वाट्टेल ते बरळतोय. रोज कसल्या डहाळ्या? त्याला आणखी एक ठोसा बसला. एकानं गाडीच्या टाकीचं झाकण उघडलं. लांबून येणाऱ्या दोन गाड्या गर्दी पाहून वळल्या आणि आल्या वाटेनं परत गेल्या. हॉस्पिटल पंचवीस किलोमीटर. हॉस्पिटलच्या गाडीला फोन केला तर ती कधी दोन तासांनी येते, कधी येतच नाही, हे सगळ्या गावाला पाठ आहे. केफासीनं तामांदाकडे पाहिलं, मग निळ्या गाडीकडे. पोरीला घेऊन जाऊ शकेल अशी तेवढी एकच गाडी त्या रस्त्यावर होती आणि ते ती पेटवायला निघाले होते.

सिमवाकानं त्याला पाहिलं. चष्म्याशिवाय त्याला कितपत दिसलं देव जाणे, पण त्यानं ओळखलं. तो केफासीकडे बोट दाखवू शकला असता. त्यानं दाखवलं नाही.

केफासी उठून गर्दीत घुसला.

"सोडा त्यांना," तो म्हणाला. "ते खरं बोलतायत. डहाळ्या मी टाकायचो."

मामा पुढे आले. "काय म्हणालास?"

"मयत नसताना टाकायचो. रोज, पाच आठवडे. गाड्या हळू व्हाव्यात म्हणून, तामांदासाठी. आता कुणी थांबत नाही, हे मला माहीत होतं. मघाशी तुम्ही बोलवायला आलात तेव्हाही माहीत होतं." त्यानं हातातली कुऱ्हाड मामांच्या पायाशी ठेवली. "मला मारायचं तर मारा. पण आधी पोरीला त्या गाडीत घाला."

दगड खाली पडले. मग एस्नाती पुढे आली. तिनं केफासीकडे पाहिलंसुद्धा नाही, तामांदाच्या खांद्याखाली हात घातला आणि बायकांना म्हणाली, उचला. चौघींनी पोरीला चितेंज्यात घेऊन मागच्या सीटवर निजवलं. एस्नाती तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सिमवाकाला कुणीतरी चष्मा शोधून दिला, त्याची एक काच फुटली होती. मामा पुढे बसले. केफासीनं दाराला हात लावला.

"तू नाही," मामा म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

गाडी गेली. केफासीला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. माणसं एकेक करून त्याच्यापासून लांब झाली आणि आजीच्या अंगणात जाऊन बसली. मुखियाच नाही म्हटल्यावर म्हातारीची माती खोळंबली. अड्ड्यावरचे कबाझावाले तेवढे थोडा वेळ रेंगाळले. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, आणि त्यांच्यातल्या एकाचीही त्याच्याकडे बघायची छाती झाली नाही. मग तेही गेले.

केफासी वळणावर बसून राहिला. डहाळ्या अजून रस्त्यावरच होत्या. गाड्या येत होत्या आणि त्यांच्यावरून जात होत्या, पाल्याचा चेंदामेंदा होऊन डांबराला चिकटला होता. वाकलेली सायकल त्यानं उचलून झाडाला टेकवली. हँडलला वह्यांची पिशवी अडकलेली होती. त्यानं ती उघडली नाही. त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता, की पंचवीस किलोमीटर म्हणजे अर्धा तास, फार तर पाऊण तास, तिथे डॉक्टर असतील, आणि घरघर होती म्हणजे श्वास होता. तो हे स्वतःला सांगत होता आणि मधूनच मान वर करून रस्ता बघत होता. कडेची माती, मोडलेल्या काचेचे तुकडे, सगळं जागच्या जागी होतं आणि तरी त्याला हे खरं वाटत नव्हतं.

उन्हं कलली. साडेचारच्या सुमाराला लिलाँग्वेकडच्या अंगाला लांब उतारावर काहीतरी वेगळं घडतंय असं त्याला दिसलं. समोर जाणाऱ्या गाड्या एकेक करून कडेला लागत होत्या. मक्याची पोती घेऊन चाललेला ट्रक थांबला. त्याच्यामागची पांढरी जीप थांबली. दोन सायकलवाले उतरून मान खाली घालून उभे राहिले. मग उतारावरून ती गाडी आली. ऊन असताना तिचा दिवा लागलेला होता, एकच, कारण दुसरा फुटलेला होता. पुढच्या पत्र्याला हिरवी डहाळी बांधली होती.

केफासी उभा राहिला. टोपी काढायला त्यानं हात डोक्याकडे नेला, डोक्यावर टोपी नव्हती. निळी गाडी वळणाशी आली आणि त्याच्यासमोरून गेली, माणूस चालतो त्या गतीनं. काचेतून त्याला एस्नाती दिसली, मांडीकडे बघत बसलेली. गाडीच्या मागे मिनीबस, ट्रक, जीप मिळून तीस-चाळीस गाड्यांची रांग लागली होती, आणि त्यांतल्या एकीनंही भोंगा वाजवला नाही.